आईचं सगळं शेवंताईला

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव शेवंती. लालबागेत तिला ओळखत नाही असा माणूस विरळा, कारण गणपतीच्या कारखान्यांत मूर्तींना खडे लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. मुकुट, बाजूबंद, सोंडेवरची नक्षी, सगळं तिच्या बोटांखालून जातं. आषाढ लागला की कारखानदार घरी येऊन तिला घेऊन जातात. मी गिरगावातल्या शाळेत क्लार्क आहे. मला न्यायला आजवर कोणी घरी आलेलं नाही.

आधीच सांगून टाकते, मी तिच्यावर जळते. लहानपणापासून जळते. आईचा रंग तिला, आईचे केस तिला, आईच्या हाताची चवसुद्धा तिलाच. मी बाबांवर गेले, म्हणजे रुंद कपाळ आणि चिडका स्वभाव. आईच्या पाटल्या दोघींना एकेक वाटून दिल्या, तेव्हा मामी म्हणाली, "शेवंतीच्या हातात शोभते हो." माझ्या हाताबद्दल ती काहीच बोलली नाही.

कॅन्सर मात्र आधी मला झाला. छातीत गाठ, परळच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन, मग केमो. घरात आणखी कोणाला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मला आई आठवली. ती गावी, देवगडला वारली ती छातीच्या दुखण्याने. कसलं दुखणं, ते तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बहिणीला तपासून घ्या. ऐन हंगामात मी शेवंताईला ओढत नेलं. तिलाही गाठ निघाली. पुढे तिचंही ऑपरेशन झालं, केमो झाली, तेव्हा वॉर्डातल्या बायका तिला म्हणायच्या, "ताई, केस गेले तरी तुम्ही किती छान दिसता." मी शेजारीच बसलेली असायचे, रुमाल बांधून.

माझे उपचार संपले, पण काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचला होता. तो परत येऊ शकतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. माझी श्रेया तेव्हा बारावीत होती. ती स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत मला जगायचं होतं, बाकी काही नको होतं. म्हणून मी ट्रायल शोधायला लागले. नवं औषध बाजारात येण्याआधी त्याची पेशंटवर रीतसर चाचणी होते, तिला ट्रायल म्हणतात. त्यांची नोंद सरकारी वेबसाइटवर असते. शाळेचा कॉम्प्युटर, जेवणाची सुट्टी आणि माझं मोडकंतोडकं इंग्रजी, एवढ्यावर मी ती वेबसाइट पालथी घातली. शेवटी एक सापडली. ऑपरेशन आणि केमो झालेल्या, पण रोग परतण्याची भीती असलेल्या बायकांसाठी नवी गोळी, आणि हॉस्पिटल आपलं परळचंच. मी हरखून गेले. सोबत असावी म्हणून शेवंताईला घेऊन गेले. नको होतं न्यायला.

ट्रायलचं काम बघायला रोशेल नावाची माहीमची मुलगी होती. तिने आम्हाला बसवून सगळं समजावलं. नेहमीचे उपचार सगळ्यांचेच चालू राहतात. त्याशिवाय कोणाला नवी गोळी मिळते, कोणाला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टरांनाही कळत नाही. वाटेल तेव्हा बाहेर पडता येतं. शेवटी म्हणाली, "पण आन्टी, आधी ब्लड टेस्ट. एका जीनमध्ये बिघाड असेल तरच ही गोळी चालते. तो बिघाड आईकडून नायतर वडिलांकडून येतो."

शेवंताई नकोच म्हणत होती. "माझ्यावर कसले प्रयोग करतात गो? मी काय उंदीर?" मीच तिची समजूत घातली. दोघींनी रक्त दिलं.

रिपोर्ट आले. बिघाड तिच्यात होता. माझ्यात नव्हता.

"पण कॅन्सर मला आधी झालाय," मी रोशेलला म्हटलं, जणू रेशनच्या रांगेत माझा नंबर आधी होता. ती बिचारी म्हणाली, "आन्टी, तुमचा जीनमुळे नाही झाला. होतं असं पण. ह्या ट्रायलमध्ये तुम्ही नाही बसत. दुसरी आली तर मी फोन करते ना." मी आतून पेटले होते. आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिने पुन्हा वाटणी केली, आणि तशीच केली. वाईट होतं तेही शेवंताईला दिलं. त्या दिवशी घरी येऊन मी भांडी आपटली.

शेवंताई ट्रायलमध्ये गेली, आणि मग सुरू झाली तिची बडदास्त. रोशेल फोन करून विचारणार, मळमळतं का, झोप लागते का, हात सुजलाय का. माझ्या नवऱ्याने लग्न झाल्यापासून मला इतकं काही विचारलेलं नाही. कारखान्यात ती कौतुकाने सांगायची, "माझी गोळी अजून दुकानात पण मिळत नाय." मी एकदा म्हटलं, "तुझी बिनऔषधाची असेल." ती हसून म्हणाली, "असेल गो. पण बरं वाटतं." माझे रिपोर्ट चांगले येत होते, तरी हॉस्पिटलातून निघताना माझ्या डोक्यात तिची गोळीच असायची.

एकदा ती गिरगावात आली आणि पिशवीतून बाटली काढून म्हणाली, "सुची, निम्म्या तू घे. शोधून तू काढलंस." लहानपणी चिक्की मोडून द्यायची, तशाच आवाजात. उरलेल्या गोळ्या तिथे मोजतात, तुला काढून टाकतील, आणि मला त्यांचा उपयोग तरी काय, असं मी तिला ओरडून ओरडून सांगितलं. खरं तर माझा हात पुढे जात होता, म्हणून इतकी ओरडले.

तिच्या मुलीने, स्पृहाने, ती टेस्ट करावी असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. शेवंताई टाळत राहिली. शेवटी स्पृहाच जाऊन रक्त देऊन आली. रिपोर्टच्या दिवशी आम्ही दोघी आणि आमच्या दोन मुली, चौघी गेलो. बिघाड स्पृहामध्ये होता. आजार नाही, पण आता जन्मभर जपायचं, तपासण्या चुकवायच्या नाहीत. श्रेयाने विचारलं, "मी पण करून घेऊ?" डॉक्टर म्हणाले, "गरज नाही. तुझ्या आईत तो नाही, तर तिच्याकडून तुला येणार कुठून?"

शेवंताईने वळून श्रेयाकडे पाहिलं. ती नजर मी लगेच ओळखली. आयुष्यभर मी तिच्याकडे तशीच बघत आले आहे. मी श्रेयाचा दंड धरून तिला माझ्याकडे ओढलं.

मुली चहा आणायला पुढे गेल्या. फुटपाथवर शेवंताई म्हणाली, "सुची, घरी गेलीस की श्रेयाची दृष्ट काढ."

"कशाला?"

"माझी लागली असेल." ती खाली बघत होती. "मला वाटलं, ही सुटली, मग माझी का नाय सुटली. मिनिटभरच वाटलं, पण वाटलं."

जन्मभर मला जे वाटत आलं, त्यातलं एक अक्षर मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी श्रेयाला पाटावर बसवलं. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन तिच्यावरून उतरवल्या आणि तापलेल्या तव्यावर टाकल्या. दृष्ट लागलेली असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं आमच्यात मानतात. इथे खोलीभर धूर झाला. श्रेया खोकायला लागली, मी खोकायला लागले, शेजारच्यांनी येऊन विचारलं काय जळतंय. तेवढ्यात शेवंताईचा फोन आला.

"काढलीस? ठसका लागला गो?" तिचा आवाज घाबरलेला होता.

"लागला. सगळी चाळ खोकतेय," मी म्हटलं.

पलीकडे ती रडायला लागली. माझ्या मुलीला काही झालं नाही म्हणून रडत होती, स्वतःच्या मुलीचा रिपोर्ट घरात ठेवून. आणि मला तेव्हाही तिचा हेवाच वाटला. अशी बहीण मला मिळाली. तिला मात्र मी मिळाले.