शंभर फुटी सरडा आणि माझी आखूड दोरी

तोंडवलीत होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक गृहस्थ मोबाईलवर महाकाय प्राण्यांचे सिनेमे बघतो, आणि बघताना अखंड चिडलेला असतो. ते सिनेमे मलाही आवडतात, पण चारचौघांत मी नाक मुरडतो. त्या दिवशीही मुरडलं. "शंभर फुटी सरडा समुद्रातून येतो म्हणे! गोष्टीला काही शेंडाबुडखा?"

तो उसळला. "सरडो मी मानतंय, मास्तरांनू! समुद्रात काय आसा ता कोणी बघलेला आसा? पण ह्यो नायक बघा. ओहोटीक होडी आखूड दोरयेन बांधून गेलो. भरतीक ती बुडतली नाय? लाज नाय ह्याका?"

"मुळीच नाही!" मीही तावातावाने म्हणालो.

तेवढ्यात त्याची नजर माझ्यामागे धक्क्याकडे गेली. सकाळच्या ओहोटीला मी बांधलेली माझी नवीकोरी होडी भरतीत नाकाने खाली ओढली जाऊन पाणी पीत होती.

मोबाईलवर सरडा नुकताच शहरात शिरत होता, म्हणजे या गृहस्थाचा सगळ्यात लाडका प्रसंग. सिनेमा तसाच टाकून तो छातीभर पाण्यात उतरला आणि होडी सोडवून सैल बांधून आला. ओल्या हातानेच त्याने सिनेमा मागे नेला.

"आता सरड्याक हसू नकात," तो गुरगुरला. "तो निदान मुद्दाम होडयो बुडयता."