फुटबॉल पहिल्या पिरियडला

प्रिन्सिपलनी आधी सगळ्या पालकांना ईमेल पाठवली आणि मग मला बोलावलं.

"फुटबॉल पहिल्या पिरियडला घेतोय," डॉ. व्हिटेकर म्हणाल्या. "छोटासा बदल आहे. सोमवारी शाळा सुरू व्हायच्या आत करून टाका."

तो बुधवार होता. सोमवारी उन्हाळ्याची सुट्टी संपून नवं वर्ष सुरू होणार होतं.

मी टेक्ससमधल्या प्लेनोजवळच्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे आणि मास्टर शेड्यूल, म्हणजे अख्ख्या शाळेचं टाइमटेबल, माझ्या गळ्यात आहे. आपल्याकडे मुलं एका वर्गात बसतात आणि शिक्षक येतात-जातात. इथे उलट. शिक्षक आपापल्या खोलीत असतात आणि बेल वाजली की मुलं फिरतात. प्रत्येकाचे विषय वेगळे, म्हणून प्रत्येकाचं टाइमटेबल वेगळं. बहुतेक विषयांचे दिवसभरात बरेच वर्ग असतात, एक नाही जमला तर दुसरा. पण काही विषयांचा दिवसात एकच वर्ग असतो. त्याला आम्ही सिंगलटन म्हणतो. सिंगलटन आधी बसवायचे आणि बाकी सगळं त्यांच्याभोवती रचायचं. हे काम मी एप्रिलपासून करत होते आणि ते संपलं होतं.

इथे फुटबॉलची प्रॅक्टिस हासुद्धा टाइमटेबलमधला एक विषय असतो. आमच्याकडे तो शेवटच्या पिरियडला होता. अडचण अशी की फुटबॉलचे कोच डिलन पहिल्या पिरियडला ॲनाटमी शिकवतात. ती सिंगलटन. फुटबॉल सकाळी आणला की ॲनाटमी शेवटच्या पिरियडला जाणार. आणि ॲनाटमीच्या वर्गातली निम्मी मुलं बारावीची, हेल्थ सायन्सची. ती जेवणानंतर शाळेच्या बसने हॉस्पिटलमध्ये जातात, नर्सच्या मदतनिसाचं ट्रेनिंग घ्यायला. ॲनाटमी घेतल्याशिवाय त्या प्रोग्रॅममध्ये राहता येत नाही.

हे सगळं मी डॉ. व्हिटेकरना सांगितलं.

"सॉफ्टवेअर काहीतरी मार्ग काढेलच ना?" त्या म्हणाल्या.

सॉफ्टवेअरने स्क्रीन लाल केली. त्याला तेवढंच येतं.

मी तणतणत कोचच्या ऑफिसात गेले. काय काय सुनवायचं ते वाटेत ठरवलं होतं.

"मॅम, गेल्या सीझनला दुपारच्या उन्हात माझा एक मुलगा मैदानावर कोसळला," कोच म्हणाले. "ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्याबरोबर मी होतो. त्याच्या आईला फोन मी केला. मुलगा वाचला. पण तसा फोन मला परत करायचा नाहीये."

आता या माणसावर कसं चिडायचं? राग तसाच घेऊन परत आले.

त्यात भर म्हणजे मी करून बघितलेलं कच्चं टाइमटेबल मुलांच्या पोर्टलवर दिसायला लागलं. ते कुणी उघडं केलं हे आजवर कुणी कबूल केलेलं नाही. गुरुवारी सकाळी मारिसोल माझ्या दारात उभी. हेल्थ सायन्सची, बारावीतली. हातात फोन.

"मिसेस के, माझं हॉस्पिटल गेलं?"

"गेलं नाही. अजून काही फायनल नाही."

"इथे ॲनाटमी शेवटच्या पिरियडला दिसतेय. मी तेव्हा वॉर्डमध्ये असणार."

मेमध्ये सर्टिफिकेट मिळवायचं, नर्सिंग होममध्ये नोकरी धरायची आणि नोकरी करत कम्युनिटी कॉलेजला जायचं, हे तिने नववीतच मला सांगितलं होतं. तिच्या घरातून कॉलेजला जाणारी ती पहिली.

"मी तर फुटबॉल बघतसुद्धा नाही," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मी तिला बसवलं, पाणी दिलं. "तुझी बस चुकणार नाही," असं सांगून टाकलं. कसं ते मलाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी मंडळाची गणपतीची मीटिंग होती. तिथे नवऱ्याच्या एका मित्राने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यार वहिनी, हे तर मी वीकेंडला पायथनमध्ये करून देतो." मी त्याला आणखी एक मोदक वाढला. तोंड बंद राहावं म्हणून.

शुक्रवारी वाट दिसली. तिसऱ्या पिरियडला कोच मोकळे होते. तिथे ॲनाटमी बसत होती. त्या वेळी मारिसोलसारख्यांचा इंग्लिशचा वर्ग होता, पण इंग्लिशचे वर्ग भरपूर, ते हलवता येतात. अडलं ते लॅबवर. ॲनाटमीला सिंक असलेली लॅब लागते आणि तिसऱ्या पिरियडला ती मिस होल्कम्बची. त्या तिथे केमिस्ट्री शिकवतात, आमच्यापैकी कुणीही शाळेत यायच्या आधीपासून.

"त्यांना खोली सोडायला सांगू नका," डॉ. व्हिटेकर म्हणाल्या. "त्या तडकाफडकी रिटायर होतील."

"मग तुम्ही सांगा. ईमेल तुम्ही पाठवली आहे."

त्यांना एकदम दुसरी मीटिंग आठवली.

शेवटी तिथेच बसलेले कोच उठले. "चला मॅम, मी विचारतो."

मिस होल्कम्बनी त्यांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. एवढा धिप्पाड माणूस, पण दारातच टोपी काढून उभा.

"माझ्या प्रयोगांच्या दिवशी लॅब माझीच," त्या म्हणाल्या. "बाकीच्या दिवशी मी समोरच्या खोलीत शिकवीन. पण माझ्या काचसामानाची गाडी तुम्ही स्वतः ढकलायची. मुलांना सांगायचं नाही. आणि एक बीकर जरी फुटला तर मी लॅबमधून हलणार नाही."

"येस मॅम," कोच म्हणाले.

रविवारी दुपारी मी शेड्यूल लॉक केलं. मारिसोलची बस वाचली, इतरांचीही. ॲनाटमी घेतलेल्या एका मुलीचं फ्रेंच मात्र गेलं. तेही सिंगलटन, तिसऱ्याच पिरियडला. तिला ते ऑनलाइन करावं लागलं. तिच्या आईने मला काय काय लिहिलं ते इथे देत नाही. सोमवारच्या स्टाफ मीटिंगमध्ये डॉ. व्हिटेकरनी नव्या सॉफ्टवेअरचे आभार मानले.

मेमध्ये मारिसोल सर्टिफिकेट दाखवायला आली. तेव्हा कोच कॉरिडॉरमधून गाडी ढकलत चालले होते, लहान बाळाची ढकलावी तशी.

टाइमटेबल कॉम्प्युटर बनवतो असं लोकांना वाटतं. कॉम्प्युटर फक्त नाही म्हणतो. हो म्हणायला माणूस लागतो, आणि त्याला विचारायला दाराशी जावं लागतं. तेही शक्यतो ईमेल पाठवायच्या आधी.