बेचाळीस मिनिटं

नागपूरच्या महाल भागात, बांगड्यांच्या एका दुकानाला लागून जयवंता मेश्रामची खोली आहे. सहा फूट रुंद, आत एक लाकडी टेबल, आणि भिंतीवर खालपासून वरपर्यंत टांगलेली जुनी विजेची मीटरं. बाहेर पाटी नाही. गल्लीत कुणालाही ‘मीटरवाल्या बाई कुठं बसतात’ म्हणून विचारलं की तो याच दाराकडे बोट करतो. वय पन्नाशीच्या थोडं पुढं. आवाज जाडसर. कुणी ‘बाई, जरा लवकर’ म्हटलं की हातातलं काम आणखी सावकाश करायची सवय.

तिचे वडील देवाजी खापरखेड्याच्या वीज केंद्रात राखेच्या कामावर होते. छप्पन साली धम्मदीक्षेला ते बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला आले होते, वयानं सहा वर्षांचे. त्या गर्दीतलं त्यांना फारसं काही आठवत नसे. पण त्यांच्या बापानं पुढं आयुष्यभर एक गोष्ट घरात चालवली आणि तीच देवाजींनी मुलीला दिली: हात पसरून काही घ्यायचं नाही, घ्यायचं ते मोजून घ्यायचं, द्यायचं तेही मोजून.

दहावीनंतर जयवंता आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या वर्गासाठी अर्ज घेऊन गेली, तेव्हा सरांनी तिला शिवणकामाची खिडकी दाखवली. ती म्हणाली, “सर, आमच्या घरी शिलाई मशीन नाही. मीटर आहे, अन् ते जास्त फिरून राहिलं.” मीटर खरंच जास्त फिरत होतं की नाही, हे तिला तेव्हा कळत नव्हतं. ते कळावं म्हणूनच तिला तो वर्ग हवा होता. त्या वर्षी बावीस पोरांत ती एकटी मुलगी होती.

पुढं हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत, मीटर तपासणाऱ्या एका ठेकेदाराकडे तिनं अठ्ठावीस वर्षं काढली. ॲल्युमिनियमची चकती किती वेळात किती फेरे घेते, हे ती घड्याळाशिवाय सांगू शकायची. एकदा सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याशा पाडलेल्या बंगल्यातून भंगारात एक विलायती मीटर आलं. त्याला नाणं टाकायची फट होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं ते उघडलं आणि सुट्टी संपल्यावरही मिटलं नाही. नाणं आत टाकून मूठ फिरवली की एक काटा पुढं सरकायचा. वीज वापरली की मीटरची चकती दात्यांच्या चाकांमधून तोच काटा मागे ओढायची. काटा शून्यावर आला की खटका पडायचा, वीज बंद. एकाच काट्याला दोन बाजूंनी दोन हात. तिनं त्याचं चित्र वहीत काढून ठेवलं. मग काचेवर आकडे दाखवणारी मीटरं आली, चकत्या भंगारात गेल्या, ठेकेदारानं काम बंद करून टेबलं उचलली, आणि जयवंता महालात येऊन बसली. भंगारातल्या चकत्या तिनं किलोच्या भावानं घरी आणल्या.

नवरा गोविंदा त्याच सुमारास गेला. किडनीचा आजार होता. शेवटचे एकोणीस दिवस धंतोलीतल्या दवाखान्यात आणि तिथल्याच एका लॉजवर निघाले. ती खोलीतल्या शेगडीवर त्याच्यासाठी पातळ भात शिजवायची आणि डबा घेऊन दोन गल्ल्या पळायची. त्या दिवसांबद्दल ती कुणाशी बोलत नाही.

म्हणून पुष्कर जेव्हा तिच्या दुकानात आला आणि धंतोलीतल्या लॉजचं नाव सांगितलं, तेव्हा तिनं त्याला स्टूल दिलं. एरवी ती गिऱ्हाइकाला उभंच ठेवते.

पुष्कर चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. पेशंटच्या नातेवाइकांसाठी त्याचं बारा खोल्यांचं लॉज होतं. खोलीखोलीत विजेची शेगडी. लोक दवाखान्यात जाताना शेगडी तशीच सोडून जायचे, आणि बिल पाहून याचं डोकं फिरायचं. “बाई, नाणं टाकलं तर शेगडी चालू, नाही तर बंद, असं काही होते का जी?” त्यानं विचारलं.

“होते,” जयवंता म्हणाली. वीस वर्षं वहीत पडलेलं चित्र तिच्या डोळ्यांपुढं आलं.

पहिली अडचण नाण्याची. पाच रुपयाची नाणी बाजारात तीन तऱ्हांची: एक जाड, एक पातळ, एक मोठं. एका फटीत तिन्ही जात नाहीत, आणि गेली तर जाड नाणं अडकून बसतं. दहाचं नाणं मात्र कधीचंही घ्या, माप तेच. पुष्कर म्हणाला, “दहाचं नाणं इथं दुकानदार घेत नाही, बाई.”

“चांगलंच आहे की. मंग ते बाहेर जाणार नाही. तुमच्या काउंटरवरून पेटीत, पेटीतून काउंटरवर.”

पुष्कर हसला. पण काम पुढं सरकलं तसं त्याचं हसू कमी होत गेलं. त्याला खोलीतला पंखा, दिवा, प्लग, सगळंच पेटीवर हवं होतं. जयवंतानं फक्त शेगडी घेतली.

“प्लगवर लोकं मोबाईल लावतात,” तो म्हणाला.

“प्लगवर लोकं ऑक्सिजनचं मशीनही लावतात. नाणं संपलं म्हणून ते बंद पडलं तर तुम्ही येसान का श्वास द्यायले?”

दुसरी अडचण चाकाची. पेटीत एक लहानसं पितळी चाक असतं. नाण्यामागं किती वीज जाईल हे त्याच्या दात्यांवर ठरतं. जयवंता त्याला भावाचं चाक म्हणायची. पुष्करच्या बिलावर सगळं धरून एक युनिट चौदा रुपयांच्या आसपास पडत होतं. तिनं हिशोबानं दाते कापले आणि पेटीच्या तोंडावर पितळेच्या पट्टीवर कोरलं: ‘एक नाणं. हजार वॅटची शेगडी. बेचाळीस मिनिटं.’ खाली बारीक अक्षरात स्वतःचं नाव. वरच्या अंगाला काच ठेवली, काटा दिसावा म्हणून. काटा शून्याच्या जवळ आला की घंटी वाजेल अशी सोय केली, म्हणजे अर्ध्या शिजल्या भाताखालची वीज न सांगता जाणार नाही.

“चाक थोडं जोरात पळणारं करता आलं असतं,” पुष्कर म्हणाला.

“आलं असतं,” ती म्हणाली आणि पुढचा स्क्रू पिळायला घेतला.

बारा पेट्या लागल्या. दोन महिने सगळं सुरळीत चाललं.

मग लॉजची झाडलोट आणि पाणी पाहणाऱ्या यमुताईचा फोन आला. यमुताई जपून बोलणारी बाई. चार वाक्यांच्या जागी एक बोलायची. “जयवंताबाई, तीन नाण्यांत वरण-भात व्हाचा. आता पाच लागून राहिले. लोकं मले शिव्या देऊन राहिले.”

जयवंता दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. पेट्यांच्या काचांवर आतून काळा कागद चिकटवलेला होता. तिनं पहिल्या खोलीच्या दारावर टकटक केली. आत उमरेडकडची सुभद्रा होती. तिच्या नवऱ्याचं, रामाजीचं, कमरेचं हाड मोडलं होतं आणि ती बारा दिवसांपासून इथंच होती. जयवंतानं शेगडी उचलून व्हरांड्यात आणली, वायर ओढली, पट्टीवर लिहिल्याप्रमाणे एक नाणं टाकलं आणि सुभद्राला म्हणाली, “तुह्या मोबाईलमधी घड्याळ आहे ना वं? लाव.”

शेगडीवर काही ठेवलं नाही. नुसती लाल तार आणि समोर दोन बाया. थोड्या वेळानं शेजारच्या खोलीतली माणसं आली, मग जिन्यावरची. कुणी विचारलं काय चाललंय, तर यमुताई सांगायची, “मोजणं.” डबे भरायची वेळ होती, तरी कुणी हललं नाही.

चोवीस मिनिटांनी खटका पडला. घंटी वाजलीच नाही. तिची तार कापलेली होती.

जयवंतानं पेटी उघडली. तिचं चाक जाग्यावर नव्हतं. त्या जागी लेथवर घाईनं केलेलं, लालसर पितळेचं दुसरंच चाक होतं. तिला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. बाहेर तिचंच नाव कोरलेलं होतं, त्याच्या वरती बेचाळीस मिनिटं, आणि लोक तेच वाचून नाणी टाकत होते.

तेवढ्यात पुष्कर आला. गर्दी पाहून त्यानं आवाज खाली ठेवला. “बाई, हे काय लावलं तुम्ही?”

“तुमचं चाक पाहून राहिली.”

“पेटी माही आहे.”

“पेटी तुमची. माप माह्या नावावर आहे.”

“बाई, पाणी लागते, झाडझूड लागते, एवढ्या लोकांचं मेंटेनन्स आहे. कुठून काढू?”

“भाडं वाढवा,” जयवंता म्हणाली. “दारावर लिहून वाढवा. भाडं लोकायले वाचता येते, पुष्करभाऊ. चाक वाचता येत नाही.”

ती पिशवीतून पेचकस काढून पहिल्या पेटीवरची आपली पट्टी सोडवू लागली. चोरीच्या मापावर आपलं नाव नको, एवढंच तिच्या मनात होतं. दोन स्क्रू निघाले, तशी सुभद्रा म्हणाली, “बाई, पाटी काढता काहून? तुमचं नाव सुटलं, आमची शेगडी तर अडकलीच ना.”

जयवंताचा हात थांबला. सुभद्राच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते तिला जास्त लागलं. आपण आपल्यापुरतं धुवून निघायला आलो होतो, हे तिला उभ्या उभ्या कळलं.

तिनं ते दोन स्क्रू पुन्हा पिळले. मग पेटीच्या आत हात घालून लालसर चाक उपसून काढलं, झाकण लावलं आणि सुभद्राला म्हणाली, “टाक नाणं.”

नाणं पडलं, मूठ फिरली, शेगडी तापली. काटा पुढं गेला आणि तिथंच राहिला. मधलं चाकच नसेल तर चकती कितीही फिरो, काट्याला मागं ओढणारं कुणी नसतं. हे जमलेल्यांपैकी पहिल्यांदा यमुताईला कळलं. तिनं पदर कमरेला खोचला आणि पुढच्या खोलीचं दार उघडून धरलं.

“बाई, मी पोलीस बोलावतो,” पुष्कर म्हणाला.

“बोलवा. ते येईपर्यंत मी अठीच आहे. त्यायच्यासमोर पुन्हा चोवीस मिनिटं मोजून दाखवते, एक चाक तेवढ्यासाठी ठेवते.”

त्यानं फोन कानाला लावला, थोडा वेळ तसाच धरला आणि खिशात ठेवला. तोवर ती सातव्या खोलीत पोचली होती. बारावी पेटी झाल्यावर तिनं सगळी चाकं काउंटरवर त्याच्यापुढं ठेवली. “मोजून घ्या. बारा आहेत. तुमची वस्तू मले नको.”

त्या दिवशी धंतोलीतल्या त्या लॉजमध्ये दुपारपर्यंत स्वयंपाक चालला. सुभद्रानं रामाजीसाठी लापशी केली, शेजारच्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा पोळ्या लाटायचा प्रयत्न केला.

याची किंमत पडली नाही असं नाही. आठवड्याच्या आत पुष्करनं पेट्या उपटून सायकल रिक्षात घातल्या आणि महालात पाठवून दिल्या. खोल्यांमध्ये मोबाईलवरून पैसे भरायची नवी मीटरं आली, पंखा-दिव्यासकट. यमुताईला त्यानं उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आणखी दोन लॉजवाल्यांनी जयवंताला पेट्यांबद्दल विचारलं होतं. त्यांनी फोन उचलणं बंद केलं. एकानं तर निरोप धाडला की बाई कामाला चांगल्या आहेत, पण डोक्यानं तिखट आहेत. जयवंतानं उलटा निरोप दिला की डोकं बदलून मिळणार नाही, पेटी पाहिजे असेल तर सांगा.

यमुताई चार दिवस घरी बसली. पाचव्या दिवशी ती कामिनीकडे गेली. कामिनी निवृत्त नर्स. तिचं घर त्याच भागात, दोन गल्ल्या पलीकडे, पुढचा हॉल रिकामाच असायचा. तीस वर्षं तिनं नातेवाइकांना वॉर्डाबाहेर कोरडी पोळी चावताना पाहिलं होतं. यमुताईनं विचारलं, तिनं हॉलची किल्ली काढून दिली, आणि दोघी मिळून जयवंताकडे आल्या.

आता त्या हॉलमध्ये सहा शेगड्या आणि सहा पेट्या आहेत. तिथलं बिल वेगळं, म्हणून जयवंतानं चाकं नव्यानं कापली; तिथं दहाच्या नाण्याला त्रेपन्न मिनिटं मिळतात. पेट्यांना कुलूप नाही. काच मोठी केली, आतली चाकं दिसतील एवढी. एकदा वीज खात्याचा माणूस तक्रार आली म्हणून पाहायला आला. त्यानं बिल पाहिलं, पेटी पाहिली आणि विचारलं, “यात तुमचा फायदा काय?”

“आमचा नाही,” यमुताई म्हणाली. “शेगडीचा आहे. न सांगता बंद पडत नाही.”

त्यानं काय लिहून नेलं ते अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा पाहू, असं जयवंता म्हणते.

मधे पुष्कर स्वतः दुकानात येऊन गेला. लोक त्याच्याकडे झोपतात आणि स्वयंपाकाला कामिनीच्या हॉलमध्ये जातात, हे त्याला बोचत होतं. तो म्हणाला, झालं गेलं सोडा, पेट्या पुन्हा लावा. जयवंतानं तीन गोष्टी सांगितल्या: काच उघडी राहील, प्लग पेटीवर नसेल, आणि यमुताईला परत घ्यायचं. तो विचार करतो म्हणाला. या वेळी तिनं स्टूल दिलं नव्हतं.

सध्या तिच्या टेबलावर सातवी पेटी आहे. हॉलमध्ये वणीकडची एक म्हातारी येते, तिची बोटं वातानं आखडलेली. तिला मूठ फिरवता येत नाही, दर वेळी दुसऱ्याला हाक मारावी लागते. म्हणून जयवंता मुठीच्या जागी लांब दांडी बसवते आहे, तळहातानं खाली दाबली तरी चालेल अशी. दांडी दोनदा वाकली. तिसरी जरा जाड सळईची आहे.

काल गल्लीतला कुणीतरी दारात थांबून म्हणाला, “एका म्हातारीसाठी एवढी खटपट, बाई?”

“पुढं सरका जी,” जयवंता म्हणाली, “उजेड अडून राहिला.”