टेक्निकली पेरी

आमच्या शेडमध्ये दारू कमी आणि किस्से जास्त मुरतात. दारूला निदान पाच-सहा महिने लागतात, किस्से चहाच्या वेळेपर्यंत तयार!

शेड मिरजोळ्याला, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला. मालक सुहास. बँकेतली चांगली नोकरी सोडून, रीतसर परवाना काढून हा फळांची वाइन करायला बसला. जागा मात्र त्याच्या वडिलांची, म्हणजे तात्यांची. पाली गावी तात्यांच्या आंब्याच्या आणि काजूच्या बागा. फळं धुवायला-निवडायला संध्याताई. माहेर मिरकरवाड्याचं, मासळी विकणाऱ्यांचं, त्यामुळे जिभेला वेगळी धार लावावी लागत नाही. बाटल्या भरायला मी. आणि आम्हा सगळ्यांना शिकवायला मिलिंद, सुहासचा मावसभाऊ. हा इंग्लंडला सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, कोर्स करून आला, आणि तेव्हापासून कुणाचं तरी वाक्य दुरुस्त केल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

*

पहिल्याच दिवशी मिलिंदने आम्हाला क्रेटवर बसवून लेक्चर दिलं.

"पेअर सायडर आणि पेरी एक नव्हे! नीट लक्षात ठेवा. पेअर म्हणजे आपलं नाशपती, पण पेरी होते ती खास पेरीच्याच पेअरची. ती फळं इतकी तुरट, की माणूस तोंडात धरू शकत नाही. पण रस काढून मुरवला की काय बिशाद कुणाची! आणि पेअर सायडर? बाजारातलं कुठलंही गोड पेअर घ्या, नाहीतर डब्यातला आटवलेला रस आणा. नावसुद्धा मार्केटिंगवाल्यांनी पाडलेलं!"

संध्याताईने पदराला हात पुसले. "म्हणजे खायच्या फळाची ती खोटी, आणि थुंकायच्या फळाची ती खरी?"

"एक्झॅक्टली!"

"मेलं, आधी फळ थुंकायचं आणि मग त्याचीच दारू प्यायची! धन्य आहे तुमच्या साहेबलोकांची!"

*

सुहासने लेबलवाल्याला फोनवर नुसतं सांगितलं होतं, "पेअर सायडरचं एक सँपल करून बघ, चित्र टाक." चार दिवसांनी सँपल आलं. लेबलावर दोन बाटल्या, हातात हात घालून!

मिलिंद लालबुंद. लेबलवाला शांतपणे म्हणाला, "पेअर म्हणजे जोडीच ना? मी तर खाली 'एकावर एक फ्री'पण टाकणार होतो. जागा पुरली नाही."

त्या दिवशी मिलिंदने शपथ घेतली, की आपल्या बाटलीवर 'पेअर सायडर' हे शब्द येणार नाहीत म्हणजे नाहीत. येईल तर 'पेरी'च!

*

आता पेरी म्हणायचं ठरलं, तर त्यातून दुसरं लचांड. सुहासने कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याला फोन केला, "पेरीसाठी फळं पाठवा." तो घाटात, रेंज जात-येत होती. दोन दिवसांनी टेम्पो दारात. ताडपत्री काढली, तर आत पेरू!

मिलिंद डोक्याला हात लावून खाली बसला. संध्याताई तिखट-मीठ घेऊन आली. पुढचा आठवडाभर शेडमध्ये बाकी काही झालं नाही, फक्त पेरू झाले.

तात्या पालीहून आले, एक पेरू संपवला, दुसरा उचलला आणि मिलिंदच्या पाठीवर थाप मारली. "ही तुझी पेरी आवडली हो मला. उगाच दारू कशाला करता तिची?"

*

शेवटी खरी पेअर आली. हिमाचलची, वाशी मार्केटमार्गे. पिवळीधमक, वास असा की रस्त्यावरचा माणूस आत डोकावेल. मी एक खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळला.

आणि सहज विचारलं, अगदी सहज हो, "मिलिंद, हे तर खाता येतंय. मग आपली पेरी कशी?"

उंटावरचा शहाणा पहिल्यांदाच उंटावरून खाली बघत होता.

"टेक्निकली..." मिलिंद म्हणाला, आणि पुढचं वाक्य काही आलं नाही. ते अजून यायचंय.

तेव्हापासून हा शब्द आमच्याकडे चलनात आला. संध्याताईच्या भावाची मिरकरवाड्याला मासळी. तो परवा कुणाला तरी स्वस्तातला हलवा मासा दाखवून पापलेटचा भाव सांगत होता. गिऱ्हाईक म्हणालं, "पापलेटच ना हे?" मागून संध्याताई म्हणते कशी, "टेक्निकली!"

*

तात्यांचं एक वेगळंच. त्यांना बारशाला बोलवा नाहीतर बाराव्याला, विषय त्यांच्या काजूवर येणारच. काजूची वेंगुर्ला चार ही जात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बी विकतात, आणि बी पिळून काढलेली काजूची फळं, म्हणजे पेअरच्याच घाटाचे बोंडू, मिरजोळ्याला येताना टोपलीभर आणतात, संध्याताईच्या गाईसाठी. कच्चट बोंडू घशाला असा धरतो, की माणूस दुसऱ्यांदा हात लावत नाही. गाय खाते बिचारी.

एकदा एका बाराव्याला गेले होते. पंगतीत कुणीतरी उसासा टाकून म्हणालं, "माणूस फार चांगला होता हो."

तात्या म्हणाले, "चांगला होता. पण कलमं वेंगुर्ला एकचीच लावून गेला."

*

आमची पहिली बॅच तयार झाल्यावर सुहासने पहिला ग्लास तात्यांच्याच हातात दिला. तात्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "काय रे, बिघडलीय काय ही?"

"नाही तात्या, अशीच लागते."

"अशीच लागते, तर मग बिघडली की कळायचं कसं?"

आम्ही पोट धरून हसलो. तात्या हसले नाहीत. ग्लास खाली ठेवून म्हणाले, "सुहास, आखितीपर्यंत एक ऑर्डर आण. एक! नाहीतर शेड रिकामी कर, मला आंब्याच्या पेट्या ठेवायला जागा नाही. आणि बँकेतल्या साहेबाला फोन कर, परत घेतात का विचार."

मग आमचंही हसू थांबलं. सुहास पोरगा गुणाचा आहे. बापासमोर मान वर करून बोलायचा नाही कधी, त्या दिवशीही नुसता "बरं" म्हणाला आणि टाक्यांमागे निघून गेला. मला फार वाईट वाटलं. संध्याताईनेसुद्धा टोमणा न मारता तात्यांचा ग्लास धुऊन ठेवला, म्हणजे बघा!

*

आखिती तोंडावर आली आणि दिल्लीच्या एका बड्या हॉटेलचा साहेब यायचं ठरलं. इंग्लंडात दहा वर्षं राहिलेला, असं मिलिंदने आम्हाला घाबरवून ठेवलं होतं. साहेब आला, खुर्चीत बसला, आणि बसल्या बसल्याच म्हणाला, "देखिए, पेअर सायडर है, तो मैं अभी उठता हूँ. पेरी हो, तो बात करेंगे."

मिलिंदने ग्लास भरला. साहेबाने वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. "हं. अच्छी है. लेकिन फल कौन सा है? वो देखना है मुझे."

सुहासने मिलिंदकडे पाहिलं. खोटं बोलणं त्याच्या रक्तात नाही, हे त्याचं दुर्दैव. "सर, टेक्निकली..."

तेवढ्यात दारातून तात्या आत. शेड रिकामी होतेय की नाही ते बघायला आलेले, हातात गाईची टोपली.

साहेब ताडकन उठला. "अरे! यही है ना?" आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने टोपलीतला बोंडू उचलून कचकन चावला.

सुहास पुढे धावला. "सर, ते..."

साहेबाने हात वर केला. कुणी बोलायचं नाही! तो चावत होता. डोळ्यांतून पाणी, मान वाकडी, ओठ आत ओढलेले. मग रुमालात थुंकला आणि घसा खाकरत ओरडला, "बिलकुल खा नहीं सकते! वाह! दिस इज इट!"

"सर, टेक्निकली..." मिलिंद सुरू झाला. संध्याताईने पेअरचा रिकामा क्रेट उचलला आणि अलगद त्याच्या पायावर ठेवला.

साहेब तात्यांकडे वळला. "बाबूजी, ये आपके पेड हैं?"

"हमाराच है. पालीमें. सब कलम हमारे हाथ का."

"और फल का क्या करते हैं?"

"फल?" तात्यांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "फल कौन खाएगा? गाय को डालता है."

साहेबाचे डोळे पुन्हा भरून आले, या वेळी बहुतेक भक्तीने. "व्हरायटी कौन सी?"

तात्यांची छाती फुगली. अख्ख्या जन्मात त्यांना हे आपणहून कुणी विचारलं नव्हतं. "वेंगुर्ला चार!"

"वेंगुर्ला फोर," साहेबाने फोनमध्ये टिपून घेतलं. "ब्यूटिफुल." आणि सगळी बॅच तिथल्या तिथे घेतली. पुढच्या वर्षीचीसुद्धा!

गाडी गेली. सुहास मटकन क्रेटवर बसला, मिलिंद पाय चोळत होता. तात्या टोपली संध्याताईच्या हातात देत म्हणाले,

"काय रे सुहास, ह्या माणसाने काजू कधी पाहिला नाही काय?"

"पाहिलाय हो तात्या," सुहास म्हणाला. "पाकिटातला."