मान वळवायची वाट

माझी मावशी लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवते. तोंडानं फटकळ, गिऱ्हाइकालाही सोडत नाही. पण मांजरीपुढे तिचं काही चालत नाही. काका गेल्यापासून घरात बोलायला तीच. मांजरी कपाटावरून पडली आणि मागचे दोन्ही पाय फरपटत पलंगाखाली शिरली, तशी मावशीनं मला बोलावून घेतलं. टोपलीत घालून आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

प्राण्यांची डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिनं मागचे पंजे चाचपले, जांघेत नाडी पाहिली. पंजे गरम होते, नाडी लागत होती. म्हणजे रक्ताची गाठ अडकलेली नव्हती. एक्स-रेत हाडंही शाबूत होती. मार आत, मज्जारज्जूला बसला होता. मग तिनं चिमट्यानं मागच्या पायाचं बोट दाबलं. पाय झटकन आखडला आणि मावशीचा जीव भांड्यात पडला.

"एवढ्यावर जाऊ नका," डॉक्टर म्हणाली. "पाय आपोआपही आखडतो. तिला खरंच कळलं, तर ती वळून बघेल, ओरडेल, चावेल."

मांजरी भिंतीकडेच बघत होती.

"माणसाचंही असंच असतं?" मावशीनं हळूच विचारलं.

"असतं की," इंजेक्शन भरता भरता डॉक्टर म्हणाली.

डॉक्टरला बिचारीला काय ठाऊक! काका शेवटी बेशुद्ध पडून होते, तेव्हा मावशी रोज त्यांच्या तळव्याला बोट लावायची. पाय हलायचा. 'मला ओळखतात,' असं ती येईल-जाईल त्याला सांगायची आणि आम्ही माना डोलवायचो. त्याच आधारावर तिनं पुढचे दिवस काढले होते. मला डॉक्टरचा उगाचच राग आला.

घरी मांजरीला पिंजऱ्यात निजवून ठेवायचं होतं. मावशी वेळच्या वेळी तिचं ओटीपोट दाबून लघवी काढायची, औषध भरवायची, पाय दुमडून सरळ करायची. मग बोट चिमटायची आणि तिच्या तोंडाकडे आशेनं बघत राहायची. मान ढिम्म हलायची नाही. मी काही बोलले तर माझ्यावरच खेकसायची.

एका सकाळी गेले, तर मावशी पिंजऱ्यापाशी फतकल मारून बसलेली. मनगटातून रक्त येत होतं आणि मांजरी अजून गुरगुरत होती. मी कापूस आणायला वळले, तर तिनं माझा हात धरला.

"हिला लागलं गं," ती म्हणाली. हसत होती आणि डोळे वाहत होते. "वळून बघितलं माझ्याकडे, मग चावली. ते चावले असते तरी चाललं असतं मला."