बेसचा प्लग

पालमच्या एका लग्नात मी बेस गिटारच्या स्पीकरचा प्लग काढून तिथं माझा मोबाईल चार्जिंगला लावला. ऑर्केस्ट्रा चालूच राहिला, फक्त बेसवाला थांबला. इतका वेळ तो डोळे मिटून, गिटार पोटाशी दाबून वाजवत होता. आता वायर धरत धरत तो थेट माझ्यापर्यंत आला.

“तीन गिटारी इकल्या. शेवटी घराचं सागवानी दार मोडून ही करून घेतली. मनातला आवाज आज पैल्यांदा लागला, अन् तुमी प्लग काढायलाव?”

चूक माझी होती, म्हणून मीच जास्त तापलो. “अहो, गाणं तर चालूच होतं! मला काहीच फरक कळला नाही.”

त्यानं मला नीट निरखलं.

“काका, तुमाला कान दिलेत ते नुसते चष्मा अडकवायला.”