कवठ पाडायला उचललेला दगड

आधीच सांगून ठेवतो, मी थापाड्या माणूस आहे. आमच्या जळगाव जामोदात मी बकरीचा बिबट्या करून सांगतो आणि लोक चहा पाजून ऐकतात. भूतबित मात्र कधी मानलं नाही; मानलं असतं तर एवढ्या थापा मारायची हिंमत झाली असती का? पण आता जे लिहून राह्यलो, त्यात एक दगडसुद्धा माझ्या पदरचा नाही.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून माझे साडू आले. मिलिंदराव, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना घेऊन मी आणि माझी बायको सुनंदा सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात फिरायला गेलो. तिथं फॅमिलीसाठी पायवाट आखलेली आहे... बाकडी, पक्ष्यांचे बोर्ड, लेकरं पळत जातील अशी सपाट. सकाळची कोवळी उन्हं, डब्यात भाकरी-ठेचा. भूत सोडा, मुंगीसुद्धा वाट चुकणार नाही.

वाटेच्या वळणावर दगडांचा ढीग आहे, माझ्या छातीएवढा. बरं, कमरेएवढा. कधीकाळी तिथं वाघानं एक गुराखी फाडला. तेव्हापासून येणारा-जाणारा त्यावर एक दगड ठेवतो, म्हणजे तो गुराखी खाली निजून राहतो. सुनंदानं ठेवला, मी ठेवला.

"मिलिंदराव, तुमीबी ठेवा एक."

"तुमच्याकडे दगडांनासुद्धा नैवेद्य लागतो का हो, गजाननराव?" साडू हसले आणि ढिगावरचाच एक दगड उचलून बाजूच्या कवठाकडे हात उगारला.

"भाऊजी, त्यातला नोका घेऊ!" सुनंदा ओरडली.

तोवर दगड सुटला होता. कवठ फुटलं, गर उडाला, दगड झाडामागच्या गवतात गेला. साडू कॉलर ताठ करून वळले... आणि फट्! पाठीत धोंडा.

"कोण आहे रे?"

कोणीच नव्हतं. दुसरा कानशिलावर. रक्ताची चिळकांडी थेट माझ्या शर्टावर. तिसरा गुडघ्यावर — वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. साडू आडवे. मग मोजायची सोयच राहिली नाही. बरगड्या, पाठ, हात... धोंडे बसत होते, येत कुठून होते ते दिसत नव्हतं. झाडावर वानर नाही, गवताचं पातं हलत नाही. मी त्यांच्या अंगावर आडवा पडलो, तर कशानं तरी मानगूट धरून मला बाजूला फेकलं. मी ऐंशी किलोचा गडी! साडूंच्या तोंडातून रक्तासोबत दात आले.

"गजाननराव... मारून टाकतंय मला..."

सुनंदा गवतात रांगत सुटली होती. "त्याचा दगड त्याले वापस द्या लागते!"

"अवं, इथं हजार दगड हायेत! ओळखशीन कसा?"

"कवठ लागलं असन ना त्याले!"

सापडला. गर चिकटलेला. धावत येऊन तिनं तो ढिगावर ठेवला.

थांबलं. एकदम. आणि पायवाट झाडून काढल्यासारखी स्वच्छ. ज्यांनी माणूस फोडला, त्यांतला एकही धोंडा तिथं नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरनं एक्स-रे पाहून विचारलं, "किती जणांनी मारलं?" साडू म्हणाले, "पाय घसरला." झालं! साक्षीदारच फुटला, अन् माझं कोण ऐकते?

मे महिन्यात मात्र साडू परत आले, काठी टेकत. गाडीच्या डिकीत पोतं.

"काय आणलं?"

"दगड."

"अहो, सातपुड्यात दगडांचा दुष्काळ पडला का?"

"तिथला एकही घ्यायचा नाही मला," एवढंच बोलले. जंगलाशी पोचल्यावर गाडीतून उतरलेच नाहीत. काचा वर केल्या आणि गाडीतच हेल्मेट घालून बसले!

पोतं मी आणि सुनंदानं वाहून नेलं. मधल्या महिन्यांत किती जणांनी दगड ठेवले असतील, तरी ढिगावर सगळ्यात वर तोच दगड होता. कवठं कधीच संपलेली, ऊन असं की चप्पल चिकटावी... आणि त्या दगडावरचा गर अजून ओला. बोटाला लागला. आंबूस वास आला.

कोणाकडे लॉजिक असेल तर सांगा. मी जन्मभर थापा जुळवल्या, पण त्या ओल्या गरासाठी मला अजून एक थापसुद्धा सुचलेली नाही.